युद्धबंदीच्या आवाहनांची भाषा

कविता, कथा, नाटक यांची चिकित्सा आपल्याकडे नित्य होत असते. पत्रक, निवेदन, जाहीर आवाहन हेही लेखनाचेच प्रकार आहेत. परंतु त्यांच्याकडे समीक्षक सहसा वळत नाहीत. सभा संपली की पत्रक पायदळी जाते, आणि पायदळी जाणाऱ्या कागदातील शब्द कोण पारखून पाहणार? तथापि इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांच्यातील रक्तपात थांबावा म्हणून २०२३ पासून जगभर जी आवाहने निघाली, त्यांवर असंख्य माणसांचे जगणे-मरणे अवलंबून होते. अशा लेखनाला चिकित्सेतून सूट देणे योग्य नव्हे. त्या आवाहनांत एक लहानसे आवाहन आमच्याही हातचे होते. दुसऱ्यांचे दोष दाखविण्यापूर्वी आपले दाखवावेत, हा न्याय मानून त्याच्यापासूनच प्रारंभ करतो.

पोप फ्रान्सिस यांनी २७ ऑक्टोबर २०२३ हा दिवस शांतीसाठी उपवास, प्रार्थना आणि प्रायश्चित्त यांचा म्हणून पाळावा, असे जाहीर केले होते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आमची कुटुंबे विखुरलेली आहेत. त्यांना एकत्र बोलावून आम्ही मिस्सा अर्पण केली आणि स्वतः लिहिलेले एक पानाचे निवेदन वाटले. मिस्सा आटोपल्यावर एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकाबाईंनी तो कागद चष्म्याजवळ धरून दोनदा वाचला आणि विचारले, "फादर, हे तुम्ही कुणाला लिहिलंय?"

"सगळ्यांनाच, बाई."

"मग कुणीच वाचणार नाही."

बाईंचे माहेर इंदापूर तालुक्यातले. १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली ते गाव गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि माणसे ते पाहायला जातात. बाई जात नाहीत. बाईंच्या वडिलांचे उतारवय पुनर्वसनाचे अर्ज लिहिण्यात सरले, आणि अक्षर चांगले म्हणून ते अर्ज बाईंच्या हातून उतरले जात. त्या आम्हांला म्हणाल्या, "अर्जाला वर 'प्रति' लागतं, त्याखाली 'विषय' लागतो, आणि शेवटी मागणी. मोघम लिहिलं की अर्ज फायलीला लागतो." आम्ही सेमिनरीत अलंकारशास्त्र शिकलो, प्रवचनकला शिकलो, परंतु निवेदनाच्या समीक्षेचा पहिला धडा आम्हांला त्या सायंकाळी मिळाला.

घरी येऊन आम्ही स्वतःचेच लेखन परक्याचे समजून वाचले. पहिले वाक्य होते : 'हिंसाचाराच्या आगडोंबात असंख्य निष्पाप जीव होरपळून निघत आहेत.' व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे, प्रवचनात ते शोभलेही असते. मात्र त्यात कर्ता कोठे आहे? आगडोंब जणू आकाशातून पडला. वस्तुस्थिती अशी होती की ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या नेतृत्वाखाली सशस्त्र माणसांनी इस्रायलमध्ये शिरून सुमारे १,२०० माणसे ठार केली आणि २५१ जणांना ओलीस धरून नेले. त्यानंतर इस्रायलने गाझावर बाँबवर्षाव केला, पुढे भूमीवरून सैन्य घातले; गाझातील आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथील मृतांची संख्या ६७ हजारांच्या पुढे गेली. या दोन्ही कृत्यांना कर्ते आहेत. आमच्या वाक्याने दोघांनाही झाकले, आणि या झाकण्याला आम्ही निःपक्षपात समजलो. शेवटचे वाक्य 'विश्वशांती नांदो' असे होते. विश्वशांती मागणाऱ्याला कोणाचा राग ओढवून घ्यावा लागत नाही, कारण ती कोणा एकाला द्यावयाची नसते.

आता शब्दांकडे वळू. मराठीत या मागणीसाठी तीन शब्द रूढ आहेत : युद्धबंदी, शस्त्रसंधी, युद्धविराम. 'युद्धबंदी' म्हणजे युद्धाला घातलेली बंदी. पण तोच शब्द युद्धात पकडलेल्या कैद्यालाही लावतात. 'शस्त्रसंधी'तील संधी हा शब्द जुन्या राजनीतीतला, तहाच्या अर्थाचा. आजच्या मराठी कानाला मात्र संधी म्हणजे मोका. आमच्या युवकांपैकी एकाने 'शस्त्रांना मिळालेली संधी' असा त्याचा अर्थ लावला तेव्हा आम्ही प्रथम हसलो. पुढे जानेवारी २०२५ मधील शस्त्रसंधी दोन महिन्यांत मोडली, तेव्हा तो अर्थ अगदीच चुकीचा होता असे म्हणवेना. आम्हांला स्वतःला 'युद्धविराम' हा शब्द जवळचा वाटतो, तो शाळेतल्या विरामचिन्हांमुळे. विराम स्वल्प असतो, अर्ध असतो, पूर्णही असतो. युद्धविराम मागणारा बहुधा स्वल्पविरामच मागत असतो : इतका वेळ की जखमी उचलता यावेत, पीठ आत जावे, ओलीस बाहेर यावेत. पूर्णविरामाची भाषा करणारी आवाहने भव्य दिसतात; परंतु स्वल्पविराम मागणारी अधिक प्रामाणिक असतात.

आमच्या वाचकांपुरती आणखी एक भाषिक अडचण आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात 'इस्राएल' असते, वृत्तपत्रात 'इस्रायल'. शास्त्रात 'गज्जा' असते, वृत्तपत्रात 'गाझा'. हा केवळ ऱ्हस्व-दीर्घाचा खेळ नव्हे. कित्येक भाविकांच्या मनात शास्त्रातला इस्राएल आणि १९४८ साली स्थापन झालेले राष्ट्र एकच आहेत, आणि गज्जा म्हटले की शमशोनाचे शत्रू आठवतात. अशा मनाला गाझातील उपाशी मूल हे शत्रूचे मूल वाटू लागते. याच्या उलट टोकाला, ज्यू लोकांविषयी शतकानुशतके पोसलेला तिरस्कार पॅलेस्टिनींच्या कैवाराचे वस्त्र पांघरून पुन्हा देवळात शिरू शकतो. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राद्वारे त्या तिरस्काराचा त्याग केला. तो त्याग आवाहन लिहिणाऱ्याने विसरता कामा नये. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी या भूमीवरील आपल्या पुस्तकास 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' असे नाव दिले. पवित्र भूमीच्या यात्रेला संघर्ष हा शब्द जोडण्याचे धैर्य त्या शीर्षकात आहे. आमच्या निवेदनात ते नव्हते.

मग चांगले आवाहन कसे असते? उदाहरणासाठी बारामतीबाहेर जाण्याची गरज नाही. मोरोपंतांचे (१७२९–१७९४) कवित्व येथेच कऱ्हेच्या काठी बहरले. समग्र महाभारत त्यांनी आर्यावृत्तात आणले. त्या कथेच्या उद्योगपर्वात युद्ध टाळण्यासाठी जे बोलणे होते, ती आपल्या परंपरेतील समेटाच्या आवाहनाची सर्वांत परिचित संहिता म्हणावी लागेल. धर्मराजाचा हक्क अर्ध्या राज्यावर. मागणी पाच गावांवर येते. त्यांपैकी चार गावे तो नावे घेऊन मागतो, पाचवे कोणतेही चालेल म्हणतो. 'प्रति' स्पष्ट आहे, विषय स्पष्ट आहे, मागणी मोजता येण्यासारखी आहे. म्हणूनच दुर्योधनाचा नकारही उघडा पडतो : सुईच्या अग्रावर मावेल एवढी मातीसुद्धा तो देऊ इच्छीत नाही. मागणी 'सर्वत्र सद्भाव नांदो' अशी असती, तर दुर्योधनानेही तिच्यावर आनंदाने सही केली असती.

त्या संहितेतील आणखी एक गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. कृष्ण शिष्टाईला निघतो तेव्हा द्रौपदी आपले मोकळे केस हाती धरून समोर येते आणि तहाच्या गोष्टींतही याचा विसर पडू देऊ नको असे बजावते. कृष्ण तिला गप्प करीत नाही, आणि जायचेही थांबत नाही. शांतीचे आवाहन करणारा जर पीडितेला 'आता तो विषय नको' असे सांगू लागला, तर ते आवाहन तिच्यावरचा दुसरा अन्याय ठरते. अर्थात या दृष्टांताला मर्यादा आहे. शिष्टाई फसल्यावर कृष्णाने एका पक्षाच्या रथाचे लगाम हाती घेतले. ख्रिस्ताच्या शिष्याला ती वाट मोकळी नाही. आवाहन फसले की त्याने पुन्हा आवाहनच करावयाचे असते.

ही मोजपट्टी हाती घेऊन जागतिक ठराव पाहिले तर एकेका शब्दाची किंमत ध्यानी येते. आम्ही इकडे विश्वशांती मागत होतो त्याच दिवशी, २७ ऑक्टोबर २०२३ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झाले. ठरावात मानवतेच्या भूमिकेतून तात्काळ लढाई तहकूब करण्याची मागणी होती. हमासचे नाव त्यात घालावे अशी दुरुस्ती कॅनडाने मांडली; भारताने तिला पाठिंबा दिला, पण ती आवश्यक बहुमताअभावी फेटाळली गेली. मूळ ठरावावर भारत तटस्थ राहिला. १२ डिसेंबर २०२३ रोजी युद्धबंदीची थेट मागणी करणारा ठराव १५३ मतांनी संमत झाला. तेव्हा भारताने अनुकूल मत दिले. १२ जून २०२५ रोजीच्या ठरावावर भारत पुन्हा तटस्थ राहिला. २५ मार्च २०२४ रोजी सुरक्षा परिषदेने रमजान महिन्यासाठी युद्धबंदीचा ठराव केला, तेव्हा 'कायमस्वरूपी' हा शब्द ऐनवेळी काढून 'टिकाऊ' हा शब्द घालण्यात आला आणि त्यावर रशियाने आक्षेप घेतला. एका विशेषणावर राष्ट्रे भांडतात, आणि आम्ही विशेषणांची खैरात करीत होतो!

ख्रिस्तसभेच्या आवाहनांकडे पाहताना आम्ही पक्षपाती ठरण्याचा संभव आहे. म्हणून त्यांच्यातील अडचणही नोंदवतो. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी पोप फ्रान्सिस ओलिसांच्या नातलगांना आणि गाझात आप्त असलेल्या पॅलेस्टिनींना वेगवेगळे भेटले आणि त्यानंतर, हे युद्धापलीकडे गेले आहे, हा दहशतवाद आहे, अशा आशयाचे बोलले. दोघांना एकाच मापाने मोजले म्हणून इटलीतील रब्बी दुखावले. आमच्या मते तो आक्षेप पूर्णपणे निराधार नव्हता. दोन दुःखे समान असू शकतात, दोन कृत्यांचे वर्णन मात्र वेगवेगळेच करावे लागते; एकाच शब्दात दोन्ही कोंबली की दोन्हींकडचे श्रोते हातचे जातात.

याउलट त्यांचा २० एप्रिल २०२५ चा, पुनरुत्थानाच्या सणाचा संदेश पाहा. अशक्तपणामुळे तो दुसऱ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी पोप महोदय निवर्तले. त्यात लढणाऱ्या पक्षांना उद्देशून मागण्या होत्या : गोळीबार थांबवा, ओलिसांना सोडा, उपाशी लोकांना मदत पोहोचवा. बाईंच्या कसोटीला तो अर्ज पूर्ण उतरतो. आणि त्या अर्जामागे एक सवय होती. युद्ध सुरू झाल्यापासून गाझातील पवित्र कुटुंबाच्या धर्मग्रामात ते जवळजवळ रोज सायंकाळी दूरध्वनी करीत, तेथील धर्मगुरू गाब्रिएल रोमानेल्ली यांची आणि आवारात आसरा घेतलेल्या शेकडो लोकांची विचारपूस करीत. आज काय जेवलात, असे ते विचारीत. जाहीर भाषेला वजन येते ते अशा खाजगी बोलण्यातून. जेरुसलेमचे लॅटिन कुलगुरू कार्डिनल पिझ्झाबाल्ला यांनीही ओलीस मुलांच्या बदल्यात स्वतः जाण्याची तयारी ऑक्टोबर २०२३ मध्ये दर्शवली होती. तिथे आवाहन करणाऱ्याने मागणीच्या पारड्यात स्वतःला घातले होते.

सर्वांत कठीण आवाहन मात्र ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांचे. रामी एल्हानान या इस्रायली पित्याची मुलगी १९९७ साली जेरुसलेममधील आत्मघाती स्फोटात गेली. बस्साम अरामिन या पॅलेस्टिनी पित्याची दहा वर्षांची मुलगी २००७ साली इस्रायली सीमा पोलिसाच्या गोळीने गेली. शोकग्रस्त कुटुंबांच्या एका मंडळात हे दोघे वर्षानुवर्षे शेजारी उभे राहून बोलत आले. २७ मार्च २०२४ रोजी ते पोप फ्रान्सिस यांच्यापुढेही एकत्र आले. इथे द्रौपदी आणि कृष्ण एकाच देहात आहेत. या दोघांच्या बोलण्यात 'निष्पाप जीव' नसतात, दोन मुली असतात.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत पक्षकार्यकर्त्यांपुढे बोलताना बारामतीचे शरद पवार यांनी ती भूमी मुळात पॅलेस्टाईनची असल्याचे सांगितले आणि केंद्र सरकारची भूमिका पूर्वीच्या पंतप्रधानांच्या धोरणाहून निराळी असल्याचे म्हटले. दहशतवादी हल्ल्याच्या प्रसंगी असे बोलणे अयोग्य, अशी टीका पीयूष गोयल आणि इतर नेत्यांनी केली. इथवर तो मतभेद होता. पुढे आसामचे मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी, पवार आता सुप्रिया सुळे यांना हमासच्या बाजूने लढायला गाझात पाठवतील, असा टोमणा मारला. आमच्या मतदारसंघाचे नाव अशा रीतीने गाझाशी जोडले गेले. समीक्षक म्हणून आमचे निरीक्षण इतकेच की, भूमी मूळची कोणाची हा प्रश्न आणि गोळीबार आज थांबावा हा प्रश्न एकमेकांत मिसळले की दुसरा हरवतो. त्या आठवड्यातील आमच्याकडच्या चर्चेत पवार होते, टीकाकार होते. युद्धविराम मात्र कोठेच नव्हता.

त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, आझाद मैदानावर गाझासाठी निदर्शने करण्यास पोलिसांनी नाकारलेल्या परवानगीविरुद्धची मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची याचिका फेटाळली. आपल्या देशातच कचरा, प्रदूषण, पूर असे प्रश्न थोडे नाहीत, त्यांकडे पाहावे, अशा आशयाचे मत सुनावणीत व्यक्त झाले. ऑगस्टमध्ये परवानगी मिळून निदर्शने झाली. परंतु न्यायालयात उमटलेला तो प्रश्न आमच्या पारावरही विचारला जातो : इथे टँकरची वाट पाहायची, आणि तुम्हांला गाझाचे काय?

हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. त्याचे एक उत्तर आमच्या भाषेतच आहे. कोकणातून आणि मुंबई-पुण्याहून गेलेले बेने इस्रायली अश्दोद, डिमोना, लोद येथे वसले आहेत. मराठीत बोलतात, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालवले. अश्दोदमध्ये भोंगा वाजतो तेव्हा कोणी आजी नातवाला मराठीतच हाक मारीत असेल. दुसरे उत्तर आमच्या शिवारात आहे. इंदापूरचा डाळिंबवाला आणि द्राक्षवाला शेतकरी इस्रायलला ठिबक सिंचनामुळे ओळखतो. ज्या देशाची नळी आपल्या बांधावर आहे, त्या देशाशी बोलण्याचा आपल्याला काहीच अधिकार नाही, असे कसे म्हणावे? आणि तिसरे उत्तर उजनीच्या पाण्याखाली आहे. धरणाखाली गेलेले गाव आणि बाँबखाली गेलेले गाव यांची तुलना आम्ही करीत नाही. परंतु परतीची वाट बुडालेली माणसे दुसऱ्याचे विस्थापन लवकर ओळखतात, हे आम्ही पाहिले आहे.

१७ जुलै २०२५ रोजी गाझातील त्याच पवित्र कुटुंबाच्या चर्चवर इस्रायली तोफगोळा आदळून तिघे मृत्युमुखी पडले आणि फादर रोमानेल्ली जखमी झाले. दारूगोळा भरकटला असे सांगून इस्रायलने खेद व्यक्त केला. २० जुलैला पोप लिओ चौदावे यांनी त्या तिघांची नावे जाहीरपणे उच्चारली. त्या सप्ताहात आम्ही दुसरे निवेदन लिहायला बसलो. या वेळी बाई शेजारी होत्या. 'प्रति'मध्ये आम्ही जगाला काढून टाकले आणि आपल्याच सरकारला घातले, कारण आपल्या वतीने मत तेच देते. मागण्या दोन : युद्धबंदीच्या पुढील ठरावावर तटस्थ राहू नये, आणि ओलिसांच्या सुटकेची मागणी त्याच दमात करावी.

सह्यांसाठी कागद फिरवला तेव्हा खरी समीक्षा झाली. इस्रायलची अभ्याससहल करून आलेला एक तरुण शेतकरी म्हणाला, "ओलिसांचं वर घ्या फादर, मग सही करतो." आम्ही तो मजकूर वर घेतला. तीन कुटुंबांनी सही नाकारली : "आपण मूठभर माणसं, कशाला कुणाच्या नजरेत यायचं?" त्यांना आम्ही आग्रह केला नाही, त्यांची भीती आम्हांला परकी नाही. मग एका गवंड्याने कागद वाचून परत हाती दिला आणि विचारले, "चर्चवर पडलं म्हणून लिहिलंत ना? मशिदींवर पडत होतं तेव्हा कुठं होतो आपण?"

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही 'सगळ्यांना' लिहिले, आणि जुलै २०२५ मध्ये नेमके लिहिले ते आपल्या माणसांवर आल्यावर. एकदा आमची भाषा सर्वांसाठी मोघम होती, दुसऱ्यांदा ती आपल्यांसाठी स्पष्ट झाली. सर्वांसाठी स्पष्ट अशी ती आम्हांला अद्याप लिहिता आलेली नाही. आमच्या लेखनातला हा दोष शैलीचा नसून अंतःकरणाचा आहे, आणि तो दुरुस्त करण्यासाठी शब्दकोश पुरणार नाही. गवंड्याने मग सही केली. पण त्याआधी खिशातील पेन काढून तिघांच्या उल्लेखानंतर 'आणि इतर सर्व' असे स्वतःच्या अक्षरात लिहिले.

तो अर्ज आम्ही रजिस्टरने पाठवला. पोचपावती आली, उत्तर आले नाही. १० ऑक्टोबर २०२५ रोजी गाझात युद्धविराम लागू झाला आणि तीन दिवसांनी जिवंत असलेले शेवटचे वीस ओलीस घरी परतले. आमच्या कागदाचा त्याच्याशी काही संबंध होता असे कोणी म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. विरामानंतरही तिकडून मृत्यूच्या बातम्या येतच राहिल्या. बाईंना आम्ही विचारले, आता काय करावे? त्या म्हणाल्या, "आमच्या दादांचं उत्तर आलं नाही की ते दुसरा अर्ज लिहायचे. वर मागच्या अर्जाचा दिनांक टाकायचे, म्हणजे विसरले नाही हे कळतं."

पुढच्या निवेदनाच्या डोक्यावर आम्ही दोन्ही दिनांक टाकणार आहोत.